जिममध्ये नवख्यांसाठी स्टेप कार्डिओ क्लास सुरू होतोय, मी जावं का?

अबोली_४४ :

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात आला असेल तर ॲडमिननी प्लीज हलवावा.

आमच्या सिंहगड रोडला घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर एक जिम आहे, तिथे पुढच्या आठवड्यापासून नवीन क्लास सुरू होतोय, बिगिनर्स कार्डिओ. मंगळवार गुरुवार शनिवार, सकाळी साडेसहा ते सव्वासात. बोर्डवर लिहिलंय की स्टेप एरोबिक्स आहे, उड्या नाहीत, ज्यांनी आधी कधीच व्यायाम केला नाही अशांसाठीच आहे आणि येत्या शनिवारी ट्रायल फुकट. मी रोज भाजी आणायला जाताना तो बोर्ड वाचते आणि पुढे जाते. असे पाच दिवस झाले.

माझं वय ४४, वजन ७६ किलो, थायरॉईडची गोळी चालू आहे. शाळेत शिकवते, शाळा दुपारची आहे त्यामुळे सकाळची वेळ जमण्यासारखी आहे. दिवसभर उभी असते पण तेवढ्याने काही होत नाही हे कळलंय, कारण दोन जिने चढून वर्गात गेलं की हजेरी घ्यायला तोंडातून आवाज फुटत नाही, मुलं शांत बसून वाट बघतात आणि मला फार कसंतरी होतं. उजवा गुडघा जिना उतरताना कटकट वाजतो, दुखत नाही फारसा.

आता खरी अडचण सांगते. सहा वर्षांपूर्वी एका दुसऱ्या जिममध्ये वर्षाचे पैसे भरले होते. पहिल्याच दिवशी तिथल्या ट्रेनरने बर्पी (खाली वाकून पाय मागे फेकायचे आणि परत उठून उडी), जंपिंग जॅक आणि अजून काय काय लावलं, मी थांबले की तो म्हणायचा कम ऑन मॅडम अजून दहा, आणि सगळे बघतायत म्हणून मी करत राहिले, शेवटी बाथरूममध्ये जाऊन उलटी झाली. नंतर तीन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. परत गेलेच नाही. पैसे गेले ते गेले पण तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे आपल्याला जमणाऱ्यातलं नाही.

तर विचारायचं हे की असे नवख्यांचे क्लास खरंच नवख्यांसाठी असतात का? स्टेप म्हणजे नक्की काय करतात, गुडघ्याला चालेल का, आणि मधेच दम लागला तर काय करायचं, बाहेर जाऊन बसायचं का? कुणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

केवडा :

अबोली, जाच. फुकट ट्रायल आहे, नाही आवडलं तर घरी.

मी कोथरूडला झुंबाला जाते, दोन वर्षं झाली, मलाही सुरुवातीला वाटायचं सगळे आपल्याकडेच बघतायत पण खरं सांगू का कुणी बघत नाही, जो तो आपापले पाय सांभाळत असतो. एकच सल्ला देते, सगळ्यात मागच्या रांगेत उभी राहू नकोस. लाजून आपण मागे जातो आणि मग एखाद्या स्टेपला सगळा क्लास मागे तोंड करून वळतो आणि आपण एकदम सगळ्यांच्या पुढे, समोर बघायला कुणीच नाही. दुसरी रांग, कडेला, जिथून ट्रेनरचे पाय दिसतात तिथे उभी रहा. आणि पंधरा मिनिटं आधी जाऊन ट्रेनरशी बोल, हे सगळं जे इथे लिहिलंयस ते तसंच्या तसं सांग.

आठकाउंट :

अबोलीताई, मी नाशिकला ग्रुप क्लास घेतो, अकरा वर्षं झाली, त्यात स्टेप सगळ्यात जास्त, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी त्या जुन्या अनुभवाबद्दल. वाचून खरंच वाईट वाटलं कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते. पहिल्या दिवशी उलटी झाली यात तुमचा दोष नव्हता. अनेक वर्षं बसलेल्या शरीराला पहिल्या दिवशी बर्पी लावणं ही शिकवणाऱ्याची चूक आहे. आणि हे नुसतं मन मोडण्यापुरतं नसतं, सवय नसताना एकदम अती केलं तर स्नायू इतके मोडतात की त्यातला मालमसाला रक्तात उतरून किडनीवर ताण येतो, पायात प्रचंड दुखणं, सूज आणि लघवी काळ्या चहासारखी गडद, असं कुणालाही कधी झालं तर घरी थांबू नये, लगेच दवाखान्यात जावं. बिगिनर क्लास नीट घेतला तर त्याच्या जवळपासही जायची वेळ येत नाही.

आता स्टेप म्हणजे काय. साधारण हातभर रुंद आणि मीटरभर लांब अशी प्लॅस्टिकची फळी असते, तिच्यावर चढायचं उतरायचं, गाण्याच्या ठेक्यावर. हा प्रकार १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जिन मिलर नावाच्या एरोबिक्स शिकवणाऱ्या बाईंनी पुढे आणला आणि तुम्हाला ऐकून बरं वाटेल की तो गुडघ्यापायीच निघाला, त्यांचा गुडघा दुखावला होता आणि मांडीचे स्नायू बळकट करायला दुधाच्या क्रेटवर चढ-उतर करा असं त्यांना सांगितलं होतं, ते करता करता त्याला संगीत जोडलं गेलं आणि त्यातून क्लास तयार झाला. म्हणजे गुडघा आहे म्हणून स्टेप नको असं सरसकट नाही. फक्त उंची आणि पाय ठेवायची पद्धत सांभाळायची.

उंचीचं असं की नुसती फळी चार इंच असते म्हणजे दहा सेंटिमीटर. तिच्याखाली दोन-दोन इंचाचे ब्लॉक लावून ती वाढवतात. पहिले काही महिने ब्लॉकला हात लावायचा नाही, शेजारची कितीही उंच लावू दे. तुमच्या शाळेच्या जिन्याची पायरी सहा-सात इंच नक्की असेल. म्हणजे जे तुम्ही रोज करता त्यापेक्षा ही पायरी बुटकी आहे, हे डोक्यात ठेवून जा.

पाय ठेवताना पूर्ण पाऊल फळीवर पाहिजे, टाच बाहेर लटकता कामा नये, लटकली की पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण येतो. उतरताना फळीच्या जवळच उतरायचं, मागे लांब टांग टाकायची नाही, आधी चवडा मग टाच. फळीवरून पुढच्या बाजूला कधीच उतरायचं नाही, गुडघ्याला जो त्रास होतो तो बऱ्याचदा त्यात होतो. पावलाकडे बघायला हरकत नाही पण डोळ्यांनी बघा, मान खाली घालून वाकून बघितलं की कंबर दुखते. आणि पहिले दोन आठवडे हात कमरेवर. ट्रेनर हात वर करतील, बाजूला करतील, तुम्ही करू नका. पाय एकदा आपोआप चालायला लागले की हात स्वतःहून येतात, आणि हात डोक्यावर नेले की ठोके अजून वाढतात हेही आहेच.

ठेका सगळा आठाचा असतो. चार वेळा आठ म्हणजे बत्तीस, तेवढ्याचा एक तुकडा, मग तोच दुसऱ्या पायाने. शाळेत लेझीम केलं असेल ना? मग तुमच्या पायात हे आधीच आहे, एक दोन तीन चारला पुढे आणि पाच सहा सात आठला मागे, तेच आहे. मी नवीन बॅचला पहिल्या दिवशी हेच सांगतो आणि पन्नाशीच्या बायकांचे चेहरे लगेच खुलतात कारण लेझीम सगळ्यांनी केलेलं असतं. गाण्याचा वेग मिनिटाला साधारण ११८ ते १२८ ठोके असतो, नवख्यांसाठी तो खालच्या टोकाला असावा. गाणं इतकं पळत असेल की पूर्ण पाऊल टेकायलाच वेळ मिळत नाही तर तो क्लास नवख्यांचा नाही, बोर्डवर काही का लिहिलं असेना.

दम लागला तर काय करायचं हा तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. एकदम थांबायचं नाही आणि खाली बसायचं नाही. फळी सोडून जमिनीवर जागच्या जागी चालत रहायचं, तेच एक दोन तीन चार. कारण व्यायाम चालू असताना पायात भरपूर रक्त आलेलं असतं आणि ते वर ढकलायचं काम पोटऱ्या करत असतात, तुम्ही गप्पकन थांबलात की ते पायातच साठतं, डोक्याला कमी पडतं आणि चक्कर येते. म्हणून चालत रहायचं, श्वास खाली आला की परत फळीवर. पहिल्या क्लासला दहा वेळा उतरलात तरी चालेल. चांगला ट्रेनर सोपी हालचाल आधी दाखवतो, अवघड नंतर, आणि सोपीवरच राहिलेल्या माणसाला पूर्ण क्लास केल्यासारखंच वागवतो.

किती जोर लावायचा हे मोजायला घड्याळ लागत नाही. एक सलग वाक्य बोलून बघा, आज भाजीला काय करायचं वगैरे. वाक्य पूर्ण झालं आणि मग श्वास घ्यावासा वाटला तर बरोबर चाललंय. गाणं म्हणता येत असेल तर थोडं वाढवा. एका शब्दापुढे जाता येत नसेल तर ताबडतोब जमिनीवर. छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणं, डोळ्यापुढे अंधारी, असं काही झालं तर मात्र क्लास-बिस बाजूला, ट्रेनरला तेव्हाच्या तेव्हा सांगायचं.

क्लास सुरू व्हायच्या आधी त्यांनी तुम्हाला आजार, गोळ्या, जुनी दुखापत विचारायला हवी, बहुतेक ठिकाणी एक फॉर्म असतो. नाही विचारलं तर तुम्हीच सांगा. पंचेचाळीस मिनिटांतली पहिली आठ-दहा अंग गरम करण्यात आणि शेवटची दहा-बारा हळूहळू उतरण्यात आणि ताणण्यात गेली पाहिजेत. शेवटी गाणं थांबल्याबरोबर सगळे बाटली उचलून निघत असतील तर मला तो क्लास आवडणार नाही.

मुक्काम_कराड :

सगळ्यांचा आदर ठेवून लिहितो. चालणं फुकट आहे. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, आयुष्यात जिमचं तोंड बघितलं नाही, रोज पहाटे कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जातात आणि परत येतात. ताईंना दम लागतोय तर आधी तीन महिने नुसतं चालावं, मग बघावं. सहा वर्षांपूर्वी एकदा पैसे बुडालेच आहेत, परत कशाला भरायचे. फळीवर चढ-उतर करायला घरी पायरी नाही का?

अबोली_४४ :

सगळ्यांचे खूप खूप आभार, आठकाउंट दादा तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि नवऱ्यालाही वाचून दाखवला. लेझीमचं वाचून एकदम धीर आला, मी शाळेत असताना २६ जानेवारीला पुढच्या रांगेत असायचे.

मुक्काम_कराड, चालणं मी तीनदा सुरू केलंय हो. जूनमध्ये पाऊस लागला की बंद पडतं, रस्त्यावर पाणी आणि चिखल, आणि एकटीने जायचं म्हणजे आज नको उद्या जाऊ होतं. क्लासची वेळ ठरलेली असेल आणि चार माणसं ओळखीची झाली तर टिकेल असं वाटतंय. चूकही असेन.

अजून एक, थायरॉईडची गोळी मी सकाळी उठल्यावर घेते, मग एक तासाने चहा. साडेसहाचा क्लास असेल तर उपाशीपोटी जायचं का?

पारिजात :

मी पण थायरॉईडवालीच, नऊ वर्षं, त्यामुळे हे सांगू शकते. गोळी साडेपाचला उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-कॉफी त्याच्याबरोबर नाही, त्याने गोळी नीट शोषली जात नाही. मग आवरून निघेपर्यंत अर्धा-पाऊण तास होतो, तेव्हा अर्धं केळं खाल्लं तरी चालतं, मला माझ्या डॉक्टरांनी अर्धा तास अंतर पुरे म्हणून सांगितलंय, तू तुझ्या डॉक्टरांना एकदा विचार. मी आधी अगदी रिकाम्या पोटी जायचे तर विसाव्या मिनिटाला हात थरथरायचे. अर्धं केळं किंवा दोन खजूर, पुरतं. क्लास झाल्यावर घरी येऊन नीट नाश्ता.

आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, शेवटची कधी केलीस? थायरॉईड कंट्रोलमध्ये नसेल तर थकवा येतो, अंग दुखतं, आणि आपण समजतो आपला स्टॅमिनाच नाही. माझं वर्षभर हेच झालं होतं, डोस बदलल्यावर महिन्या-दीड महिन्यात फरक पडला. सहा महिन्यांच्या वर झाले असतील तर करून घे.

सांधेजोड :

फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघ्याबद्दल लिहिते. नुसता आवाज येतो आणि दुखत नाही, सूज नाही, तर त्या आवाजाला घाबरू नका, खूप लोकांचे गुडघे वाजतात आणि आवाज म्हणजे झीज असा सरळ हिशोब नसतो. पण तुम्ही 'दुखत नाही फारसा' असं लिहिलंय, त्या फारसावर मी थांबले. जिना उतरताना किंवा खूप वेळ बसून उठताना वाटीच्या मागे दुखत असेल तर मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमकुवत असण्याची शक्यता जास्त असते. अशा वेळी स्टेप बंद करायची गरज नाही, फक्त फळी सगळ्यात बुटकी, गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, आणि चढताना गुडघा आत आंगठ्याकडे पडत नाहीये ना हे आरशात बघायचं. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे. क्लासनंतर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ते चालतं, दोन-तीन दिवसांत जातं. पण सांधा सुजला किंवा टोचल्यासारखं दुखलं तर दाखवून घ्या.

बूट! हे कुणी लिहिलं नाही. रनिंगचे खोल खाचांचे बूट स्टेपला नकोत. फळीवर पाय वळवताना बूट चिकटून बसतो आणि पीळ गुडघ्यात जातो. तळ जरा सपाट, बाजूने आधार असलेले ट्रेनिंगचे बूट घ्या.

आणि एक गोष्ट लिहितेच, कारण बायका ही मला क्लिनिकमध्ये दार लावून घेतल्यावर सांगतात. बाळंतपणानंतर किंवा चाळिशीनंतर उड्या मारताना, खोकताना थेंबभर लघवी होणं खूप कॉमन आहे, आणि कितीतरी जणी केवळ त्या भीतीने क्लास सोडतात. त्यावर व्यायाम आहेत, शिकवता येतात, सुधारतं. तोपर्यंत जिथे उडी असेल तिथे जागच्या जागी चाला. याची लाज वाटून घेऊ नका कुणीच.

सकाळची_पर्वती :

माझं वय ५८, बँकेतून व्हीआरएस घेतली, गेली दीड वर्षं अशाच एका बिगिनर बॅचला जातोय. आमच्या बॅचला मी एकटा पुरुष आणि बाकी चौदा बायका, सुरुवातीला संकोच वाटला, आता त्या माझ्यासाठी कडेची फळी राखून ठेवतात.

मला बीपी आहे आणि त्यासाठी मेटोप्रोलोल ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे. त्यावरून एक महत्त्वाचं सांगतो. जिममध्ये भिंतीवर तो तक्ता असतो, २२० वजा वय, त्याच्या इतके टक्के ठोके आले पाहिजेत वगैरे. माझ्या हिशोबाने माझे जास्तीत जास्त १६२. मी मनगटावर घड्याळ बांधून जायचो आणि काही केलं तरी ११० च्या वर काटा जाईना, मला वाटलं आपण कमी पडतोय, म्हणून जोर लावत गेलो, लावत गेलो, आणि एक दिवस तोंड पांढरंफटक पडलं. आमच्या मॅडमनी लगेच ओळखलं, चालत ठेवलं, मग खुर्चीत बसवलं. नंतर डॉक्टर म्हणाले की ही गोळीच ठोके वाढू देत नाही, त्यामुळे हृदय गती बघून व्यायाम करायचाच नाही, तुम्हाला किती दमल्यासारखं वाटतंय त्यावर जायचं. शून्य ते दहामध्ये चार-पाच. बीटा ब्लॉकर गटातली कुठलीही गोळी असेल त्या सगळ्यांना हे लागू आहे. तसंच मधुमेहवाल्यांपैकी जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात त्यांनी क्लासआधी साखर बघावी, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात, आमच्याकडे एका ताईंची साखर क्लासमध्ये उतरली होती, ट्रेनरला माहीत होतं म्हणून निभावलं.

मुक्काम_कराड यांच्या वडिलांना नमस्कार, त्यांचं चालणं सोन्यासारखं आहे. पण मीही चालतच होतो, वीस वर्षं, त्याच रस्त्याने त्याच वेगाने गप्पा मारत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना मधे दोनदा थांबायचो. चार महिने क्लास केल्यावर एके सकाळी वर पोचलो आणि लक्षात आलं की आज थांबलोच नाही. वर उभा राहून मी बायकोला फोन केला होता.

आठकाउंट :

कराडकरांचा मुद्दा मला पटतो, अर्धा. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम असं आहे. आमच्या पंचेचाळीस मिनिटांच्या क्लासमधला खरा दमवणारा भाग पंचवीस-तीस मिनिटांचा, तो तीन वेळा म्हणजे नव्वदच्या आतच. म्हणजे क्लास लावला तरी उरलेले दिवस चालायचंच आहे. आणि २०२० पासून त्यांनी सलग दहा मिनिटं तरी हवीत ही अटसुद्धा काढून टाकलीय, त्यामुळे शाळेतले दोन जिनेही मोजा. पण चालण्यात आपण फक्त पुढे जातो. स्टेपवर बाजूला, मागे, तिरकं, एका पायावर क्षणभर तोलून, असं सगळं होतं आणि चाळिशीनंतर तोल सांभाळणं फार कामाला येतं. घरच्या पायरीबद्दल मात्र थोडं सांभाळून, ती सहा-सात इंच उंच असते, फरशी गुळगुळीत असते आणि चूक सांगायला कुणी नसतं.

मुक्काम_कराड :

पंचवीस मिनिटांचा हिशोब माहीत नव्हता. ठीक आहे. ताई जाऊन या आणि इथे लिहा, माझ्या बायकोलाही दाखवेन.

अबोली_४४ :

जाऊन आले!!

सकाळपासून कधी लिहिते असं झालं होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी पोचले, ट्रेनर मॅडम आधीच फळ्या लावत होत्या. मी सगळं सांगितलं, थायरॉईड, गुडघा आणि ती उलटीची गोष्टही. त्यांनी हातातली फळी खाली ठेवली आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, इथे तुम्ही कधीही खाली उतरू शकता, मला विचारायचंही नाही. एवढं एक वाक्य कुणी सहा वर्षांपूर्वी बोललं असतं तर.

एकूण अकरा जणी होतो आणि दोन काका. दुसऱ्या रांगेत कडेला उभी राहिले, केवडा, तू म्हणालीस तसंच झालं, सगळे मागे वळलो आणि मागची रांग पुढे आली. बेसिक स्टेप पहिल्या पाच मिनिटांत जमली. मग व्ही स्टेप म्हणजे फळीवर पाय लांब लांब ठेवायचे आणि खाली जवळ, तीही जमली. ग्रेपव्हाइनमध्ये, म्हणजे बाजूला चालताना एक पाय दुसऱ्याच्या मागून टाकायचा त्यात, पाय पायात अडकले. पण मी मनात लेझीमचे आकडे म्हणत राहिले. हात कमरेवर. भाजीचं वाक्य पण म्हणून बघितलं, आज दोडका करायचाय असं, शेजारच्या बाई म्हणाल्या काय म्हणालात, मग त्यांनाही समजावलं आणि मग त्याही म्हणायला लागल्या.

चार वेळा जमिनीवर उतरले. एकदाही बसले नाही, चक्कर नाही, मळमळ नाही. शेवटची दहा मिनिटं मॅडमनी हळूहळू उतरवलं, पोटऱ्या आणि मांड्या ताणून घेतल्या, कुणीही मधे निघालं नाही. घरी येऊन रिक्षाने न जाता चालत शाळेत गेले, उगाचच, आनंदात. तीन महिन्यांचे पैसे भरले, वर्षाचे नाही.

केवडा :

अगं वा! वाचून डोळ्यात पाणी आलं. तीन महिन्यांचेच भरलेस ते छान केलंस.

अबोली_४४ :

तीन आठवड्यांनी परत आलेय. नऊपैकी आठ क्लास झाले, एक घरी पाहुणे होते म्हणून राहिला. जमिनीवर उतरणं आता एखाद-दुसऱ्या वेळी. टीएसएच केलं, थोडं जास्त आलं, डॉक्टरांनी डोस वाढवलाय, पारिजात तुला किती थँक्यू म्हणू. दोन जिने चढल्यावर अजून दम लागतो पण हजेरीचं पहिलं नाव घेता येतं, काल तर अकराव्या नंबरपर्यंत न थांबता गेले.

एक विचारायचं होतं. गेल्या दोन क्लासपासून उजवीच मांडी भरून येते, डावीला काहीच नाही. उजवा गुडघाही संध्याकाळी जरासा जाणवतो, सूज वगैरे नाही. फळी सगळ्यात खालचीच आहे. असं का होत असेल?

आठकाउंट :

तुम्ही प्रत्येक वेळी उजव्या पायानेच सुरुवात करताय का? ट्रेनर बाजू बदलते तेव्हा नवीन माणूस गोंधळून परत ओळखीच्या पायावर येतो, आणि मग सगळी चढाई एकाच पायाने होते. एका पायाने सलग मिनिटभरापेक्षा जास्त वेळ सुरुवात नको. गुरुवारी लक्ष देऊन बघा. बदलताना चुकत असेल तर फळीवर गुडघा उचलायची एक हालचाल घाला, वर उजवा, डावा गुडघा उचला, आणि डावाच आधी खाली. पाय आपोआप बदलतो.

सांधेजोड :

हेच लिहायला आले होते. त्याच्या जोडीला रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, सावकाश, दोन्ही पायांवर सारखं वजन. दोन आठवड्यांत गुडघा शांत झाला नाही तर प्रत्यक्ष दाखवून घ्या, इथे विचारून काढू नका.

अबोली_४४ :

अगदी तेच आहे! आत्ता स्वयंपाकघरात पाटावर करून बघितलं, डावा आधी टाकायचा म्हटलं की मेंदू थांबतोच. मुलगी समोर बसून मोजतेय. गुरुवारी मॅडमना सांगते माझ्या डाव्या पायाकडे लक्ष ठेवा म्हणून.